पाणी मुरतंय कुठे

रात्री दोनला माझं काम सुरू होतं,
गावाचे नळ झोपले की.
एक लाकडी दांडी. तिचं एक टोक
फुटपाथवरच्या झाकणाखाली, पितळी कॉकवर,
दुसरं माझ्या कानाला.
ऑब्रेने शिकवलं होतं :
श्वास रोख, घाई करू नको,
पाणी आपणहून बोलतं.

जूनपासून होजपाइपवर बंदी आहे.
केंटमधली हिरवळ पायपुसण्याच्या रंगाची झाली.
एका मोटारीच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहिलंय,
मला धुऊ नका, मी कायदा पाळते.

या गल्लीतले चेहरे मी ओळखत नाही,
घरं ओळखतो, आवाजावरून.
बारा नंबरची संडासची टाकी लवकर भरते,
आत वीट ठेवली असणार.
चौदामध्ये तीन वाजता शॉवर, चार मिनिटांत बंद.
तान्हं बाळ असेल, किंवा नवं प्रेम.
सोळा, काही नाही.
सतरा :
एक शीळ.
बारीक, सलग, न दमणारी.

सतरा नंबरचा निकाल गल्लीने आधीच लावला होता.
सगळ्यांच्या बागा करपल्या
आणि मिस्टर पिल्बीमचा घेवडा
लाल फुलांसकट कुंपणावरून डोकावतोय.
समोरच्या मिसेस ड्रूएट वहीत वेळा टिपतात.
खिडकीतूनच मला म्हणाल्या,
'तिथंच मुरतंय पाणी. लिहून घ्या.'
गावात पाणी नाही,
तरी माणसं एकमेकांना पाण्यात बघतातच.

मी कुंपणापलीकडे पाहिलं.
पायजमा, एका पायात चप्पल,
हातात चहाची मोठी किटली.
मी विचारायच्या आतच म्हणाले,
'अंघोळीचं आहे. साबण सौम्य असतो.
सोळा खेपा, जिना उतरून.
डॉक्टरला सांगू नका.'
मग शेडचं दार उघडून दाखवलं,
होजपाइप खिळ्याला लटकलेला,
तोंडावर कोळ्याचं जाळं, जुनं, धूळभरलं.
'दिवसा घालत नाही,' म्हणाले, 'लोक बघतात.'

मी परत दांडी लावली.
शीळ त्यांच्या नळीत नव्हतीच.
आमच्या पाइपात होती, फुटपाथखाली,
माझ्या आजोबांपेक्षा म्हाताऱ्या लोखंडाच्या सांध्यात.
गल्लीभर अंघोळी होतील एवढं पाणी
रोज रात्री मातीत जात होतं,
आणि घेवड्याच्या मुळांना
माझ्या आधी त्याचा पत्ता लागला होता.

'सोळा खेपांत एवढं होतं, बघा,'
एका शेंगेची धूळ अंगठ्याने पुसत ते म्हणाले.
मी मान हलवली.
खिशातला निळा स्प्रे काढला
आणि रस्त्यावर बाण काढला,
त्यांच्या दाराकडे नव्हे, डांबराकडे.
मिसेस ड्रूएटनी पडदा सोडला.

गुरुवारी खड्डा खणला. शुक्रवारी बुजवला.
फॉर्मवर मी लिहिलं : गळती बंद.

ऑगस्टअखेर पुन्हा त्याच गल्लीत ड्यूटी.
घेवडा खालून पिवळा पडत चाललेला,
वरच्या शेंगा अजून तग धरून.
फाटकापाशी एक पातेलं, झाकणाखाली
वहीचं फाडलेलं पान :
पास्त्याचं पाणी. मीठ घातलेलं नाही.

मिस्टर पिल्बीम पायरीवर दम खात बसले होते.
'आता बावीस खेपा लागतात,' म्हणाले,
'आधी सोळा पुरायच्या.
माझ्याच हातात काही राहिलं नाही.'
मला सांगता आलं असतं.
मी पाण्याच्या दाबाबद्दल काहीतरी बोललो,
उन्हाळ्याबद्दल बोललो,
पातेलं उचलून आत नेऊन दिलं.

मग कॉकवर दांडी टेकवली.
शीळ नाही.
आमच्या धंद्यात याला यश म्हणतात.
श्वास रोखून आणखी थोडा वेळ ऐकलं,
तेव्हा नळीतून, भिंतीतून
जिन्यावरची पावलं आली, एक जड, एक ओढत.
सतरा.
मग थोडी विश्रांती.
अठरा.